नॅस घेताय? खरा डेटा टाकायच्या आधी आठवडाभर त्याची परीक्षा घ्या

गिरगावात आमचं छोटं डीटीपीचं ऑफिस आहे. पाच कॉम्प्युटर, लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, आणि ऑगस्ट लागला की दिवाळी अंक. २०१९ पर्यंत आमचा सगळा डेटा एका दोन ड्राइव्हच्या नॅसवर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एकत्र ठेवायच्या डब्यावर, होता. घेताना सांगितलं होतं की मिरर आहे, एक ड्राइव्ह गेली तरी दुसऱ्यावर सगळं आहे, काळजी नको. आम्ही पण विश्वास ठेवला. त्यातली एक ड्राइव्ह उन्हाळ्यातच गेली होती. डब्यावरचा दिवा केशरी झाला होता पण डबा माळ्यावर, तिकडे कोण बघणार, आणि ईमेल अलर्ट कोणी लावलाच नव्हता. ऑक्टोबरात दुसरी गेली. दोन अंकांची लावून झालेली पानं गेली, आमच्या दोघी ऑपरेटरनी प्रूफांच्या प्रिंट समोर ठेवून रात्री बसून ती परत टाइप केली. ते दिवस मी विसरलेलो नाही.

त्यानंतर स्वतःसाठी दोनदा, बहिणीच्या दवाखान्यासाठी, एका फोटोग्राफर मित्रासाठी आणि आमच्या सोसायटीच्या ऑफिससाठी नॅस निवडायचं काम केलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे डबा कसा आहे हे तो बिघडल्यावर कळतं. मग तो मुद्दाम बिघडवून बघायचा, आपलं काहीच त्यावर नसताना आणि परत करायची मुदत संपायच्या आत. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

नॅस म्हणजे काय हे एका वाक्यात सांगतो. राउटरला वायरने जोडलेला छोटा कॉम्प्युटर, त्यात हार्ड ड्राइव्ह, आणि घरातले किंवा ऑफिसातले सगळे त्यावरच्या फाइल एकत्र वापरतात.

१. आधी बेरीज करा, आणि खरंच लागतोय का ते विचारा

एकटाच माणूस, एक लॅपटॉप, फोनचे फोटो, एवढंच असेल तर नॅस घेऊ नका. दोन यूएसबी हार्ड डिस्क घ्या, दोन्हीवर कॉपी ठेवा, एक भावाकडे किंवा आईकडे ठेवा. खर्च कमी, डोक्याला ताप नाही. तीन-चार माणसं एकाच फाइलींवर काम करत असतील किंवा घरातल्या सगळ्यांच्या फोनचे फोटो आपोआप एका जागी यायला हवे असतील तर मात्र नॅसचा उपयोग आहे.

बेरीज सोपी आहे. प्रत्येक कॉम्प्युटरवर कामाच्या फोल्डरचा साइज बघा, एकत्र करा, वर्षाला किती वाढतो ते मागच्या दोन वर्षांच्या फोल्डरवरून काढा, त्याला चारने गुणून मिळवा. आमचा ९०० जीबी होता, वर्षाला साधारण २५० वाढ, म्हणजे चार वर्षांनी १.९ टीबी. तेव्हा ४ टीबीच्या दोन ड्राइव्ह मिररमध्ये पुरल्या. मिररमध्ये दोन ड्राइव्हची जागा एकाच ड्राइव्हएवढी मिळते हे लक्षात ठेवा. आणि ४ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते, ती फसवणूक नाही, ड्राइव्हवाले १००० ने मोजतात आणि विंडोज १०२४ ने.

२. नेटवर्क बघा, डबा नंतर

हे लोक हमखास उलटं करतात. महागडा डबा आणतात, आणि राउटर असतो ब्रॉडबँडवाल्याने फुकट दिलेला, ज्याचे पोर्ट १०० एमबीपीएसचे (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिट म्हणजे एक बाइट). मग फाइल कॉपी होते सेकंदाला ११-१२ एमबीने आणि शिव्या नॅसला. गिगाबिट (१००० एमबीपीएस) पोर्ट असेल तर तीच कॉपी ११० एमबीच्या आसपास जाते. २.५ गिगाबिट असेल तर २८० पर्यंत, पण मग राउटर किंवा स्विच (जास्तीचे पोर्ट देणारी पेटी), कॉम्प्युटर आणि नॅस, तिघांकडे तो पोर्ट हवा, एक जरी मागे राहिला तरी सगळी गाडी त्याच्याच वेगाने चालते. पत्रिका, अहवाल, एक्सेल, फोटो यांना गिगाबिट भरपूर झालं. व्हिडिओ एडिटिंग थेट नॅसवरून करायचं असेल तरच २.५ च्या मागे लागा.

तपासायचं कसं? विंडोजमध्ये नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड लिहिलेला असतो. १००० च्या जागी १०० दिसला तर आधी वायर बदलून बघा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, त्यामुळे एक जोडी जरी क्रिंपिंगमध्ये, म्हणजे जॅक लावताना, नीट बसली नसेल तर लाइन गुपचूप १०० वर येते आणि नेट चालू असल्यामुळे कुणाला काही कळत नाही. आमच्याकडे इलेक्ट्रिशियनने खिडकीच्या फटीतून ओढलेली केबल होती, दोन पावसाळ्यांत जॅकला हिरवट गंज चढला होता. नवीन कॅट ६ टाकली, काम झालं. दुसरीकडे कोपऱ्यात पडलेला जुना स्विच बघा, त्याच्यावर १०/१०० लिहिलं असेल तर तो बदला, पाच-आठ पोर्टचा गिगाबिट स्विच फार महाग येत नाही.

वायफायवरून नॅसचा स्पीड मोजू नका. ते मोजमाप वायफायचं होतं.

३. डबा निवडताना

दोन बे की चार? बे म्हणजे ड्राइव्ह बसवायचा कप्पा. घर आणि पाच-सहा माणसांचं ऑफिस यांना माझं मत दोन बे. चार बेमध्ये रेड ५ करता येतं (रेड म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र जोडून वापरायची पद्धत, ५ मध्ये एक गेली तरी डेटा वाचतो), जागा जास्त मिळते, पण चार ड्राइव्हचा खर्च, आवाज आणि गरमी पण येते. एक बेचा डबा मात्र कामासाठी घेऊ नका.

रेड ० हा पर्याय सेटअपमध्ये दिसेल, जागा दुप्पट दाखवेल, मोह होईल. त्यात एक ड्राइव्ह गेली की दोन्हीवरचं सगळं जातं. दोन ड्राइव्ह असतील तर रेड १ म्हणजेच मिरर, विषय संपला.

रॅम आणि प्रोसेसरबद्दल लोक फार भांडतात. नुसत्या फाइल ठेवायच्या तर १ जीबी रॅमचा साधा डबा पण चालतो. फोटोंमधले चेहरे ओळखणं, डॉकर (नॅसवर वेगळे प्रोग्राम चालवायची सोय), सीसीटीव्ही रेकॉर्डिंग असं काही चालवायचं असेल तर २ ते ४ जीबी आणि रॅम वाढवायची सोय असलेला घ्या. टीव्हीवर पिक्चर बघताना व्हिडिओ बदलून पाठवायचा असेल तर ग्राफिक्स असलेला इंटेल प्रोसेसर बरा. उदाहरणार्थ सिनॉलॉजी या नॅस कंपनीच्या डीएस२२४ प्लसमध्ये सेलेरॉन जे४१२५ आहे, त्यात ते जमतं, डीएस७२३ प्लसमध्ये रायझन आर१६०० आहे जो इतर कामांना जोरदार पण त्यात ग्राफिक्सच नाही. महाग म्हणजे तुमच्या कामाला चांगला असं होत नाही.

यापेक्षा मी तीन गोष्टी जास्त बघतो. पहिली, स्नॅपशॉट आहेत का. स्नॅपशॉट म्हणजे डेटाचा त्या क्षणाचा फोटो, कुणी फाइलवर चुकून सेव्ह मारलं किंवा व्हायरसने सगळं लॉक केलं तर तासाभरापूर्वीची अवस्था परत आणता येते. त्यासाठी बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइल सिस्टिम (ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत) बघा, काही स्वस्त मॉडेलमध्ये फक्त ईएक्सटी४ मिळते आणि मग बऱ्याचदा हे जमत नाही. ऑफिससाठी घेत असाल तर यात तडजोड करू नका. दुसरी, त्या मॉडेलला सॉफ्टवेअर अपडेट अजून येतात का, शेवटचा अपडेट कधीचा. दुकानात स्वस्तात निघालेला पाच-सात वर्षं जुना मॉडेल इथेच मार खातो. तिसरी, कुठल्या ड्राइव्ह चालतात. सिनॉलॉजीने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांच्या त्या वर्षीच्या प्लस मॉडेलमध्ये स्वतःच्या यादीतल्याच ड्राइव्ह पूर्णपणे चालतील, त्यावर लोक खूप नाराज झाले, आणि ऑक्टोबरमध्ये डीएसएम ७.३ (डीएसएम म्हणजे त्यांच्या नॅसचं सॉफ्टवेअर) आणून हार्ड ड्राइव्हच्या बाबतीत ते मागे घेतलं. म्हणजे असं होऊ शकतं. डबा आणि ड्राइव्ह वेगवेगळ्या दुकानातून घेणार असाल तर आधी मॉडेल नंबर लावून यादी बघाच.

४. ड्राइव्ह, इथे पैसे वाचवू नका

डबा गेला तर दुसरा येतो. ड्राइव्हवर तुमचं काम असतं.

सगळ्यात मोठा सापळा एसएमआर. हार्ड ड्राइव्हमध्ये डेटा लिहायच्या दोन पद्धती आहेत. सीएमआरमध्ये पट्टे शेजारीशेजारी, एसएमआरमध्ये छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले. कौल मधलं बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसंच एसएमआरमध्ये एक जागा परत लिहायची तर शेजारचं पण परत लिहावं लागतं. रोजच्या कॉपीत कळत नाही, पण मिरर परत बांधायची वेळ आली की ती ड्राइव्ह रांगायला लागते. २०२० मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड ड्राइव्हपैकी (हे रेड म्हणजे ड्राइव्हचं नाव, वरच्या रेड १, रेड ५ शी संबंध नाही) २ ते ६ टीबीच्या काही मॉडेल एसएमआर होत्या, पाकिटावर तसं लिहिलेलं नव्हतं. त्यानंतर त्यांनी सीएमआर ड्राइव्हना रेड प्लस असं नाव दिलं. तेव्हा नुसती रेड मागू नका, रेड प्लस मागा, किंवा सीगेटची आयर्नवुल्फ, ती सीएमआर असते. बाराकुडा ही साध्या डेस्कटॉपसाठीची आहे, तिच्यात एसएमआर मॉडेल आहेत, दुकानदार म्हणाला चालते तरी घेऊ नका.

रेड प्लस आणि आयर्नवुल्फला तीन वर्षांची वॉरंटी, प्रो असलेल्यांना पाच. प्रो ७२०० आरपीएमच्या, आवाज जास्त. वन बीएचकेत हॉलमध्येच झोपायचं असेल तर त्या खरखरीचा विचार करा.

आणि दोन्ही ड्राइव्ह एकाच लॉटमधल्या घेऊ नका. एका वेळी बनलेल्या, एकाच खोक्यातून आलेल्या, सारखंच काम केलेल्या ड्राइव्ह एकमेकींच्या मागोमाग जाऊ शकतात. मी एक दुकानातून घेतो, एक ऑनलाइन.

५. खरेदी आणि कागदपत्रं

लॅमिंग्टन रोड आम्हाला चालत पंधरा मिनिटं. तिथे जायचा फायदा म्हणजे डबा हातात घेऊन बघता येतो आणि भाव करता येतो. तोटा म्हणजे बिल घेताय की नाही यावर दोन भाव सांगितले जातात. बिलाशिवाय घेऊ नका. वॉरंटीला बिल लागतं, ऑफिसच्या नावाने जीएसटी नंबर टाकून घेतलं तर इनपुट क्रेडिट मिळतं, आणि स्टोरेजवर १८ टक्के जीएसटी आहे म्हणजे ती रक्कम लहान नाही.

बिलावर ड्राइव्हचे सीरियल नंबर लिहून घ्या. मग दुकानातच उभं राहून फोनवर कंपनीच्या साइटवर तो नंबर टाका आणि वॉरंटी भारतात आहे का आणि कधीपर्यंत आहे ते बघा. बाहेरच्या देशातून आलेला माल असेल किंवा कॉम्प्युटर कंपनीला होलसेलमध्ये दिलेली ड्राइव्ह असेल तर तिथेच कळतं. आमच्या फोटोग्राफर मित्राच्या एका ड्राइव्हची वॉरंटी दीड वर्षापूर्वी सुरू झालेली निघाली, सील नवीन होतं. दुकानदाराने बदलून दिली कारण आम्ही काउंटरवरच होतो.

घेताना विचारायचे प्रश्न: बंद पडलं तर किती दिवसांत बदलून देणार? पसंत नाही पडलं तर परत घेणार का, की फक्त बदलून? मुदत डिलिव्हरीपासून की बिलापासून? उत्तर बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन घेताना पण हेच वाचा, बऱ्याच वेळा परत नसतं, फक्त रिप्लेसमेंट असतं.

जवळ काय ठेवायचं:
– पक्कं बिल, सीरियल नंबरचे फोटो, वॉरंटी पानाचा स्क्रीनशॉट, सगळं एका फोल्डरमध्ये आणि तो फोल्डर नॅसवर नाही, ईमेलमध्ये
– नॅस आणि सगळ्या ड्राइव्ह
– दोन कॅट ६ केबल (एक बदलून बघायला)
– यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस, तुमच्या नॅसच्या यादीत आहे का ते बघून
– नॅस एवढीच जागा असलेली यूएसबी हार्ड डिस्क, बॅकअपसाठी
– सटा ते यूएसबी डॉक (सुटी ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावायचा), मित्राकडून मागून आणला तरी चालेल
– एक वही. पासवर्ड सोडून बाकी सगळं त्यात लिहा, कुठल्या दिवशी काय केलं आणि काय दिसलं

६. परीक्षा

मुदत आठ-दहा दिवसांची धरून मी असं करतो. या दिवसांत नॅसवर फक्त कॉपी टाकायची, मूळ डेटा जिथे आहे तिथेच.

पहिला दिवस. ड्राइव्ह बसवा, सॉफ्टवेअर अपडेट करा, मिरर बनवा, आणि बाकी काही करायच्या आधी ईमेल अलर्ट लावा. टेस्ट मेल पाठवायचं बटण असतं, ते दाबा, मेल आला का बघा, स्पॅममध्ये गेला असेल तर बाहेर काढा. आमचं २०१९ मधलं सगळं नुकसान या एका बटणाने वाचलं असतं. मग दोन्ही ड्राइव्हची स्मार्ट एक्स्टेंडेड टेस्ट (ड्राइव्ह स्वतःच करते ती तब्येतीची पूर्ण तपासणी) रात्रभर लावा, ४ टीबीला सात-आठ तास किंवा जास्त लागतात. सकाळी आकडे बघा: रीअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेल्या जागा) शून्य हवेत, पेंडिंग सेक्टर (संशयित जागा) शून्य हवेत, आणि पॉवर ऑन अवर्स (ड्राइव्ह चालू राहिलेले तास) नव्या ड्राइव्हला थोडेच हवेत. हजारांत असतील तर ती वापरलेली आहे. हा आकडा पण पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात वापरलेल्या सीगेट एक्सॉस ड्राइव्ह नव्या म्हणून विकल्याचं प्रकरण बाहेर आलं, स्मार्टचे तास शून्य केलेले होते पण ड्राइव्हच्या आत फार्म नावाची वेगळी नोंद असते तिच्यात खरे तास सापडले. सीगेट असेल तर स्मार्टसीटीएल या प्रोग्रामने ती नोंद वाचता येते, लिनक्स येणाऱ्या कुणालातरी पकडा.

दुसरा दिवस, स्पीड. आधी आयपर्फ३ या प्रोग्रामने नुसतं नेटवर्क मोजा, गिगाबिटला ९४० एमबीपीएसच्या आसपास यायला हवं, नाही आलं तर टप्पा २ वर परत जा, नॅसला दोष देऊ नका. मग १० जीबीची एक मोठी फाइल टाका, वेळ लिहा. मग तुमच्या खऱ्या कामाचं फोल्डर टाका ज्यात हजारो छोट्या फाइल आहेत, फॉन्ट, लिंक केलेली चित्रं, टेक्स्ट. स्पीड एकदम पडलेला दिसेल, छोट्या फाइलींना प्रत्येक वेळी उघडा-लिहा-बंद करा असं करावं लागतं म्हणून हे सगळीकडेच होतं, पण किती पडतो हे डब्याडब्यावर अवलंबून आहे. ठेवायचा की परत करायचा हे ठरवताना स्पीडच्या बाबतीत मी हाच आकडा बघतो कारण आमचं रोजचं काम असंच आहे. जाहिरातीतला आकडा मोठ्या फाइलचा असतो.

तिसरा दिवस, माणसं. सगळ्यांना एकाच वेळी काम करायला लावा. दोघांनी तीच एक्सेल उघडली तर दुसऱ्याला फाइल वापरात आहे असा निरोप आला पाहिजे. इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) फाइल उघडल्यावर त्याच फोल्डरमध्ये आयडीएलके नावाची लॉक फाइल बनते, ती दिसली पाहिजे आणि बंद केल्यावर गेली पाहिजे. प्रत्येकाला वेगळं युजर नाव द्या, एकाच पासवर्डवर सगळे नकोत. अकाउंटचं फोल्डर ऑपरेटरला उघडत नाही ना ते स्वतः त्यांच्या कॉम्प्युटरवर बसून बघा.

चौथा दिवस, ड्राइव्ह ओढा. हा दिवस टाळू नका, हात थरथरतो पण करा. तुमच्या मॉडेलमध्ये चालू असताना ड्राइव्ह काढता येत असेल तर काढा, नसेल तर बंद करून काढा आणि परत चालू करा. आता बघायचं: डबा ओरडला का, मेल आला का आणि किती मिनिटांनी, फाइल उघडतात का, काम करता येतं का. मग ड्राइव्ह परत घाला, रिपेअर सुरू करा आणि किती तास लागले ते वहीत लिहा. ४ टीबीला सेकंदाला १५० एमबी धरले तर साडेसात तास होतात, चालू काम असेल तर जास्त. दीड-दोन दिवस लागत असतील तर ड्राइव्ह एसएमआर आहे का तपासा.

याच दिवशी अजून एक करा, जे फार कमी लोक करतात. काढलेली ड्राइव्ह परत घालायच्या आधी यूएसबी डॉकने उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) चालवणाऱ्या लॅपटॉपला लावा आणि फक्त वाचण्यापुरती उघडून बघा. डबाच मेला आणि तसा दुसरा बाजारात नाही मिळाला तर डेटा निघणार का, याचं उत्तर इथे मिळतं. बऱ्याच कंपन्या आतून लिनक्सचंच रेड वापरतात त्यामुळे निघतो. निघाला नाही तर त्या डब्याबद्दल परत विचार करा.

पाचवा दिवस, वीज. नॅस यूपीएसला यूएसबीने जोडा, मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. ठरवलेल्या मिनिटांनी नॅसने स्वतःहून नीट बंद झालं पाहिजे. लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं, ते लावलं नसेल तर रविवारी लाइट जाऊन आली की सोमवारी ऑफिस उघडेपर्यंत नॅस बंदच. मुंबईत लाइट कुठे जाते असं म्हणू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची गेली होती, ऐन दिवाळी अंकांच्या दिवसांत, आणि त्या दिवशी आमचा नवा नॅस यूपीएसवरून व्यवस्थित बंद झाला होता.

सहावा दिवस, परत आणणं. एक फोल्डर डिलीट करा, स्नॅपशॉटमधून आणा. एका फाइलवर चुकीचं सेव्ह मारा, जुनी आणा. यूएसबी डिस्कवरच्या बॅकअपमधून एक फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढा आणि उघडा. हे ऑफिसातल्या अजून एका माणसाला तुमच्याशिवाय करायला सांगा, तुम्ही गावी गेलेले असताना तोच करणार आहे.

७. मराठी नावांच्या फाइली

याच्यावर मी जरा जास्त बोलणार कारण आपल्याला यात खरा त्रास होतो आणि इंग्रजी माहितीत हे सहसा सापडत नाही.

नॅसच्या आतल्या फाइल सिस्टिममध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त या सगळ्या वेगळ्या खुणा धरल्या जातात. दिवाळी हा शब्द म्हणजे सहा खुणा, १८ बाइट. श्रीमती दिसायला तीन अक्षरं पण सात खुणा, २१ बाइट. म्हणजे जास्तीत जास्त ८५ खुणांचं नाव. विंडोज स्वतः २५५ खुणांपर्यंत घेतं, त्यामुळे जी फाइल पीसीवर वर्षानुवर्षं नीट होती ती नॅसवर कॉपी होताना अडते. सोसायटीच्या ऑफिसात ठरावांच्या स्कॅनची नावं अशी होती की अख्खा ठरावच नावात, कॉपी मध्येच थांबली.

एन्क्रिप्टेड फोल्डर (पासवर्डशिवाय वाचता न येणारं) केलं तर अजून अवघड. सिनॉलॉजीच्या एन्क्रिप्टेड शेअर्ड फोल्डरमध्ये नाव १४३ बाइटपर्यंतच, म्हणजे आपल्या ४७ खुणा. डीएसएम ७.२ पासून काही मॉडेलमध्ये पूर्ण व्हॉल्यूमच (साठवणीची सगळी जागाच) एन्क्रिप्ट करता येतो, त्यात ही अडचण येत नाही, दवाखान्यासाठी आम्ही तेच केलं.

दुसरं म्हणजे ऱ. दुसऱ्या, कोऱ्या, साऱ्या यातला हा ऱ दोन प्रकारे साठवला जातो, एक एकसंध अक्षर म्हणून, दुसरा र आणि खाली नुक्ता असा. कीबोर्ड कुठला वापरताय, फाइल मॅकवरून आली की विंडोजवरून, यावर ते ठरतं. डोळ्याला दोन्ही सारखे. पण नॅसला ती दोन वेगळी नावं, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये सारख्याच नावाच्या दोन फाइली दिसू शकतात किंवा सर्चमध्ये फाइल सापडत नाही. परीक्षेत हे मुद्दाम करून बघा. आम्ही नियम केला, फोल्डर मराठीत चालेल, छोटं नाव, पण कामाच्या फाइलला जॉब नंबर आणि तारीख.

८. बाहेरून वापरायचा असेल तर

घरून ऑफिसची फाइल उघडायची सोय सगळ्यांना हवी असते. राउटरमध्ये पोर्ट उघडून नॅस सरळ इंटरनेटवर ठेवू नका, कुणी यूट्यूबवर दाखवलं तरी नाही. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे डबे लॉक केले आणि बिटकॉइन मागितले. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हवरचा लोकांचा डेटा दुरून पुसला गेला, त्या मॉडेलचे अपडेट कधीच बंद झाले होते.

तसंही बरेच ब्रॉडबँडवाले सीजीनॅट वापरतात, म्हणजे तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळतच नाही, पोर्ट उघडून उपयोग पण होत नाही. टेलस्केलसारखा व्हीपीएन (घर ते ऑफिस खासगी सुरक्षित जोडणी) लावा, तो सीजीनॅटच्या मागून पण चालतो. ॲडमिन नावाचं मूळ खातं बंद करा, वेगळ्या नावाचं करा, दोन टप्प्यांचं लॉगिन लावा, राउटरमधलं यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडायची सोय) बंद करा, नॅसमधलं एसएमबी१ (फाइल शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत) बंद करा.

९. जागा, उकाडा, पाऊस

माळ्यावर नको, टीव्हीच्या बंद कपाटात नको. मे महिन्यात बंद कपाटात ड्राइव्ह सहज पन्नाशीच्या वर जाते, चाळीसच्या आसपास राहिली तर मला बरं वाटतं. जमिनीवर पण नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा तळमजल्यावरच्या किती दुकानांतले कॉम्प्युटर गेले ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. कमरेच्या वर, भिंतीला चिकटून नाही, दिवा रोज नजरेला पडेल अशी जागा. विजेचा खर्च फार नाही, २० वॅट धरले तर महिन्याला साडेचौदा युनिट.

१०. दुसरी कॉपी दुसऱ्या छताखाली

मिरर म्हणजे बॅकअप नाही. फाइल डिलीट केली की दोन्ही ड्राइव्हवरून त्याच क्षणी जाते, आग, पाणी, चोरी यात दोन्ही एकत्र जातात. तीन कॉप्या, दोन वेगळ्या साधनांवर, एक वेगळ्या जागी. आमची एक नॅसवर, एक यूएसबी डिस्कवर ऑफिसातच, आणि एक मुलुंडला माझ्या घरी ठेवलेल्या जुन्या छोट्या नॅसवर, रात्री आपोआप जाते. पहिली कॉपी इंटरनेटवरून पाठवत बसू नका, १०० एमबीपीएस अपलोड पूर्ण मिळाला तरी १ टीबीला २२ तासांच्या वर लागतात. घरचा नॅस पिशवीत घालून ऑफिसात आणला, केबलने कॉपी केली आणि संध्याकाळी परत नेला. फक्त गर्दीच्या लोकलमधून नेऊ नका, मी दुपारी नेला होता, मांडीवर धरून.

११. ठेवायचा की परत करायचा

मुदत संपायच्या दोन दिवस आधी वही उघडा. अलर्ट आला नाही, ड्राइव्हमध्ये एक जरी पेंडिंग सेक्टर दिसला, लाइट गेल्यावर नीट बंद झाला नाही, यातलं एक असेल तर सेटिंग बघून एकदा परत करून बघा आणि तरी तेच आलं तर परत द्या, नंतर बघू म्हणू नका, नंतर सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या असतात. स्पीड थोडा कमी वाटला तर चालवून घ्या.

ठेवायचं ठरलं की टेस्टचा सगळा डेटा पुसा, मिरर नव्याने बनवा, आणि खरा डेटा शनिवारी संध्याकाळी हलवायला घ्या म्हणजे सोमवारपर्यंत कुणी मध्ये फाइल उघडणार नाही. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि साइज जुळवा, नाही जुळलं तर बहुतेक लांब मराठी नावं असतात. जुन्या डिस्क लगेच फॉर्मॅट करू नका. चिठ्ठी चिकटवा, तारीख घाला, आणि निदान एक दिवाळी जाईपर्यंत कपाटात ठेवा.